पहिली पायरी

(शहरातील बस सर्वांची असते, असे आपण म्हणतो. पण ज्यांना पाय उचलणे कठीण जाते, त्यांचीही ती असते का? मुंबईच्या गोराई या उपनगराचे उदाहरण घेऊन या पाठात बसच्या पायरीचा विचार केला आहे. पायरी उंच का असते, ती खाली कशी आणता येते आणि त्यासाठी कोणाकोणाला काय करावे लागते, ते पाहू या.)

गोराई हे बोरिवलीच्या पश्चिमेचे टोक आहे. बोरिवली स्टेशनवरून निघालेली बस बाजार, दुकाने, शाळा मागे टाकत खाडीच्या दिशेने जाते. वाटेत गोराईच्या वसाहती लागतात. येथेच बेस्टचे गोराई आगारही आहे. पुढे तिवरांचे रान आणि त्यापुढे खाडी. धक्क्यावरून होडीने पलीकडे गेले की गोराई गाव येते. तिकडच्या विपश्यना पॅगोड्याचा सोनेरी घुमट दुरूनच चमकताना दिसतो.

वसाहतीत राहणाऱ्या माणसाला स्टेशन, मोठा बाजार, कचेरी किंवा रुग्णालय गाठायचे असेल तर बोरिवलीकडे यावे लागते. इतके अंतर रोज चालत जाणे सोपे नाही. रिक्षा परवडतेच असे नाही. म्हणून बस ही येथील लोकांची रोजची सोबतीण आहे.

आता समजा, तुमच्या नानी गोराईत राहतात. त्यांचे गुडघे दुखतात. औषध संपले आहे आणि बोरिवलीच्या दवाखान्यात जायचे आहे. तुम्ही त्यांच्याबरोबर थांब्यावर उभे आहात. बस येते. लोक भराभर चढतात. नानी दांडी धरतात, एक पाय उचलतात आणि पुन्हा खाली ठेवतात. मागून कोणीतरी म्हणते, "चला, चला, लवकर!" नानी मागे सरकतात आणि म्हणतात, "बेटा, ही बस जाऊ दे. आपण पुढच्या बसने जाऊ."

पुढची बस येते. पण तिचीही पायरी तेवढीच उंच असते.

घराच्या जिन्याची एक पायरी साधारण १५ ते १८ सेंटिमीटर उंच असते. जुन्या पद्धतीच्या बसची पहिली पायरी रस्त्यापासून त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही उंच भरते. ती चढल्यावर आणखी एक-दोन पायऱ्या असतात. तुम्ही त्या एका उडीत चढता, म्हणून तुमच्या ध्यानात येत नाही. नानींसाठी मात्र ती पायरी म्हणजे बंद दरवाजा असतो. दोन बस सोडल्यावर त्या घरी परततात. औषध आणायचे राहून जाते. पुढे पुढे त्या "मला कुठे जायचेच नाही," असे म्हणू लागतात. घरच्यांनाही ते खरे वाटू लागते.

अशी माणसे किती असतील? २०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ५४ लाख व्यक्तींना चालण्या-फिरण्यात अडचण होती. परंतु पायरीची अडचण यांच्यापुरतीच नसते. गुडघेदुखीने त्रासलेले वृद्ध, गरोदर स्त्री, कडेवर मूल असलेली आई, खेळताना पाय मोडलेला तुमच्यासारखाच एखादा मुलगा, या सर्वांना ती पायरी अडवते. कोणाला काही आठवडे, तर कोणाला जन्मभर.

गोराईचेच पाहा. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने मुंबईत घरांची एक योजना सुरू झाली. चारकोप, गोराई अशा ठिकाणी म्हाडाने रस्ते, पाणी आणि गटारे यांची सोय करून लहान लहान भूखंड दिले. त्यांवर लोकांनी आपापली घरे उभारली. तेव्हा जे तिशीत होते, ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. तेव्हा धावत बस पकडणारे आज पायरीपाशी थबकतात. म्हणजे पायरीचा प्रश्न दुसऱ्या कोणाचा नाही. तो आज ना उद्या आपल्या प्रत्येकाचा आहे.

मग बसची पायरी इतकी उंच का ठेवली असेल? कोणाला त्रास द्यावा म्हणून नव्हे. मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. पुढे अनेक वर्षे आपल्या देशातील बहुतेक बस मालट्रकच्या सांगाड्यावरच बांधल्या जात. मालट्रकचा सांगाडा उंच असतो. पुढे इंजिन आणि मागे चाके. इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा बसच्या पोटाखालून जातो. शिवाय जाड पोलादी पट्ट्यांच्या कमानी असतात. या सर्वांच्या वर बसचा तळ येतो. म्हणून साध्या बसचा तळ रस्त्यापासून सुमारे ९० सेंटिमीटर उंच असतो. माल चढवताना ही उंची कोणाला खटकली नाही. पण माल स्वतःच्या पायांनी चढत नाही, माणूस चढतो.

अडचण कमी करण्याचे काही प्रयत्न पूर्वीपासून झाले. अनेक वर्षे बेस्टच्या बसमध्ये प्रवासी मागच्या दाराने चढत व पुढच्या दाराने उतरत. वृद्ध, दिव्यांग आणि गरोदर स्त्रिया यांना मात्र पुढच्या दाराने चढण्याची मुभा असे. त्यांच्यासाठी काही आसने राखीवही असत. त्यामुळे गर्दीचा धक्का चुकला, बसायला जागा मिळाली. पण पायरी होती तेथेच राहिली. आणि ज्यांना चाकांच्या खुर्चीशिवाय हलता येत नाही, त्यांच्या दृष्टीने पुढचे दार काय आणि मागचे दार काय, दोन्ही सारखीच.

चाकांच्या खुर्चीला पायरी नको, उतार हवा. इमारतींसाठीचा एक साधा नियम आहे. एक हात उंची चढायची असेल, तर उतार बारा हात लांब असावा. त्याहून उभा उतार हाताने खुर्ची ढकलणाऱ्याला दमवतो. आता हिशेब करू. ९० सेंटिमीटर उंचीच्या तळासाठी उतार किती लांब हवा? ९० गुणिले १२, म्हणजे १,०८० सेंटिमीटर. जवळजवळ ११ मीटर! शहरातील मोठी बस सुमारे १२ मीटर लांब असते. म्हणजे बसमध्ये चढण्यासाठी बसएवढीच लांब फळी लागेल. हे शक्य नाही. म्हणून उपाय एकच: बसचा तळच खाली आणणे.

अभियंत्यांनी तसेच केले. त्यांनी इंजिन मागे नेले, आस खाली वाकवला आणि पोलादी कमानींच्या जागी हवेच्या पिशव्या बसवल्या. अशा बसचा तळ रस्त्यापासून सुमारे ४० सेंटिमीटरवर येतो. दारात पायरी उरत नाही. काही बसमध्ये आणखी एक युक्ती असते. बस थांबली की चालक एका बाजूच्या पिशव्यांतील हवा थोडी सोडतो. मग उंट बसताना झुकतो, तशी बस फुटपाथच्या बाजूला झुकते. दारातून एक फळी बाहेर येते आणि तिच्यावरून खुर्ची आत जाते. विजेवर चालणाऱ्या बसमध्ये तळ खाली ठेवणे आणखी सोपे जाते, कारण बॅटऱ्या छतावर किंवा मागे ठेवता येतात.

दुसरा उपाय असा, की बस खाली आणण्याऐवजी माणसाला वर न्यायचे. ब्राझील देशातील कुरितिबा शहरात १९९१ पासून नळीच्या आकाराचे बसथांबे आहेत. त्यांचा तळ बसच्या तळाइतकाच उंच असतो. प्रवासी आधी शांतपणे थांब्यावर चढतात. मग बस आली की सरळ चालत आत जातात.

या सोयी सहज मिळाल्या नाहीत. त्यांसाठी लोकांना झगडावे लागले. जुलै १९७८ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरात १९ दिव्यांग व्यक्तींनी भर चौकात बस अडवल्या. चाकांच्या खुर्च्या घेऊन ते बसच्या पुढे आणि मागे थांबले आणि रात्रभर तेथेच राहिले. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की आम्हालाही बसमध्ये चढायचे आहे. पुढे त्या शहरात खुर्ची उचलून आत घेणारी यंत्रे बसना बसवण्यात आली.

आपल्या देशात १९९५ साली दिव्यांगांसाठी कायदा झाला. २०१६ साली त्याची जागा अधिक व्यापक अशा दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने घेतली. या कायद्याच्या नावातच 'हक्क' हा शब्द आहे. तो फार महत्त्वाचा आहे. दोन माणसांनी नानींना उचलून बसमध्ये बसवले, तर ती मदत झाली. मदत चांगली असते. पण ती करणारा भेटला तरच मिळते. नानी स्वतःच्या पायांनी आत गेल्या, तर तो हक्क झाला. हक्कासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही आणि कोणापुढे संकोचही वाटत नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने सुगम्य भारत अभियान सुरू केले. मोटार वाहन नियमांतही बदल झाला. त्यानुसार १ मार्च २०२० पासून नव्या बसमध्ये राखीव आसने, आधाराच्या दांड्या, कुबड्या व काठी ठेवण्याची सोय, तसेच चाकांची खुर्ची आत घेऊन पक्की बांधण्याची व्यवस्था असावी, असे ठरले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बेस्टच्या ताफ्यात विजेवर चालणाऱ्या २६ नव्या बस आल्या. एकूण ३४० बसच्या मागणीतील हा पहिला हप्ता होता. या बसना दिव्यांग प्रवाशांसाठी यंत्राने बाहेर येणारी फळी होती.

मग आता प्रश्न सुटला का? अजून नाही. प्रवास ही एक साखळी आहे. घराचे दार, गल्ली, फुटपाथ, थांबा, बस आणि पुन्हा फुटपाथ अशा तिच्या कड्या असतात. यांतील एक कडी तुटली, तरी सगळी साखळी निकामी होते.

बोरिवली पश्चिमेला एप्रिल २०२२ पासून मेट्रो धावू लागली. तिच्या स्थानकांत उद्वाहक आहेत. फलाट आणि गाडी एकाच उंचीवर असतात. चाकांची खुर्ची सहज आत जाते. पण गोराईच्या घरातून मेट्रोपर्यंत पोहोचायचे कसे? मधली बस पायऱ्यांची असेल, तर मेट्रोचा उद्वाहक नानींच्या उपयोगी पडत नाही.

फुटपाथचेही तसेच. फुटपाथवर मोटारसायकली चढू नयेत म्हणून मुंबईत ठिकठिकाणी छोटे खांब रोवलेले आहेत. हेतू चांगला, पण काही ठिकाणी दोन खांबांमधून चाकांची खुर्चीसुद्धा जात नसे. २०२३ साली खुर्ची वापरणाऱ्या एका मुंबईकराने उच्च न्यायालयाला ई-मेल पाठवून ही गोष्ट कळवली. न्यायालयाने स्वतःहून तिची दखल घेतली. एका नागरिकाने लिहिलेले एक पत्र केवढे काम करते, ते यावरून कळते.

गोराईची शेवटची कडी म्हणजे खाडीचा धक्का. पाण्याची पातळी भरतीला वर येते आणि ओहोटीला खाली जाते. होडीही तिच्याबरोबर वर-खाली होते. त्यामुळे येथे पायरीची उंची दिवसातून अनेक वेळा बदलते! बसमधून सुखाने उतरलेल्या प्रवाशाला पुढे होडीत चढणे कठीण जाऊ शकते. एका कडीची दुरुस्ती करून थांबता येत नाही, ते असे.

काही कड्या दुरुस्त करायला पैसा लागतो. ते काम सरकारचे आणि महानगरपालिकेचे. पण एक कडी अशी आहे, की तिला एक पैसाही लागत नाही. पुन्हा हिशेब करू. बसचा तळ ४० सेंटिमीटर उंच आहे आणि फुटपाथ १५ सेंटिमीटर. बस फुटपाथला लागून उभी राहिली, तर प्रवाशाला २५ सेंटिमीटर उंची चढावी लागते. बस रस्त्याच्या मध्येच थांबली, तर पूर्ण ४० सेंटिमीटर! आणि बस मध्येच का थांबते? बहुतेक वेळा थांब्यापाशी कोणीतरी रिक्षा, मोटारसायकल किंवा हातगाडी उभी केलेली असते. म्हणजे लाखो रुपयांची बस आणि अभियंत्यांची सारी हुशारी एका चुकीच्या जागी उभ्या केलेल्या गाडीपुढे हरते.

मुलांनो, येथे तुमचे काम सुरू होते. अब्बांनी थांब्यापाशी मोटारसायकल लावली, तर "अब्बा, जरा पुढे लावा ना," एवढे तुम्ही नक्की म्हणू शकता. राखीव आसनावर बसला असाल, तर कोणी सांगण्याआधी उठू शकता. एखादी व्यक्ती सावकाश चढत असेल, तर मागून "चला, चला" न म्हणता थोडा वेळ थांबू शकता. मदत करायची असेल, तर हात धरण्याआधी "मी मदत करू का?" असे विचारू शकता. आणि थांब्याजवळचा फुटपाथ तुटलेला दिसला, तर वर्गातील सर्वांच्या सह्यांचा एक अर्ज महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयाला पाठवू शकता.

आता पुन्हा गोराईच्या थांब्यावर येऊ. नानी काठी टेकून उभ्या आहेत. थांब्यापुढची जागा मोकळी आहे. खालच्या तळाची बस फुटपाथला लागून थांबते. मागे उभे असलेले लोक क्षणभर थांबतात. नानी दांडी धरतात, पाय थोडासाच उचलतात आणि आत जातात. कोणी टाळ्या वाजवत नाही. कोणी त्यांच्याकडे वळून पाहतही नाही. त्या तिकीट काढतात, खिडकीजवळ बसतात आणि तुम्हाला म्हणतात, "बेटा, दवाखाना आला की सांग हं."

शब्दार्थ

आगार – बस ठेवण्याची व दुरुस्त करण्याची जागा
तिवरे – खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणारी झाडे
धक्का – (येथे) होडीत चढण्या-उतरण्याची जागा
मुभा – परवानगी
सांगाडा – ज्यावर गाडी बांधतात तो मुख्य भाग
आस – दोन चाकांना जोडणारा दांडा
उद्वाहक – लिफ्ट
ताफा – (येथे) सर्व गाड्यांचा समूह
निकामी – उपयोगाचा नसलेला
दखल घेणे – लक्ष देणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुंबईत पहिली मोटारबस केव्हा व कोणत्या मार्गावर धावली?
(आ) नानींना बोरिवलीला कशासाठी जायचे होते?
(इ) डेन्व्हर शहरातील १९ व्यक्तींचे म्हणणे काय होते?

प्र. २. रिकाम्या जागा भरा.
(अ) खालच्या तळाच्या बसचा तळ रस्त्यापासून सुमारे ........ सेंटिमीटरवर असतो.
(आ) एक हात उंची चढण्यासाठी ........ हात लांब उतार असावा.
(इ) प्रवास ही एक ........ आहे.

प्र. ३. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जुन्या पद्धतीच्या बसची पायरी उंच का असे?
(आ) 'मदत' आणि 'हक्क' यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
(इ) मेट्रोचा उद्वाहक नानींच्या उपयोगी का पडत नाही?

प्र. ४. विचार करून लिहा.
नानी "मला कुठे जायचेच नाही," असे म्हणू लागल्या. हे खरोखर त्यांच्या मनातले होते का? तुमचे मत लिहा.

भाषाभ्यास

हक्क, कायदा, मदत, अर्ज, खुर्ची, दरवाजा, जिना, इमारत हे शब्द मराठीत आहेत आणि थोड्याफार फरकाने उर्दूतही आहेत. त्यांचा उर्दू उच्चार आठवा. प्रत्येक शब्द वापरून मराठीत एक-एक वाक्य लिहा. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा.

उपक्रम

शाळेच्या जिन्याची एक पायरी, शाळेसमोरच्या फुटपाथची उंची आणि घराच्या उंबऱ्याची उंची मोजपट्टीने मोजा. प्रत्येक ठिकाणी किती लांब उतार लागेल, त्याचा हिशेब करा आणि तक्ता तयार करून वर्गात लावा.